दोन्ही राहू द्या

"माझ्या मशिनवर हे घालू नका, साहेब," हिंगमिरे अण्णा म्हणाले.

रणदिवे साहेबांनी टेबलावर ठेवलेली सीडी खिडकीतल्या उन्हात चकाकत होती. मंडळ कार्यालयाने परिपत्रकासोबत पाठवलेली ती सीडी म्हणजे कार्यालयीन कामाच्या संगणक प्रणालीची मराठी आवृत्ती. मेनू मराठी, सूचना मराठी, छपाईचा हुकूमसुद्धा मराठी. यापुढे सर्व पत्रव्यवहार याच आवृत्तीत करावा, असा आदेश होता.

"तुमचं मशिन?" रणदिवे साहेब हसले. "हिंगमिरे, मशिन शासनाचं आहे. आणि नको का म्हणता? आख्ख्या विभागात तुमच्याइतकं शुद्ध मराठी टंकन कोणाचं नाही म्हणतात."

"टंकन मी मराठीच करतो साहेब. वरचे मेनू तेवढे इंग्रजी आहेत. ते असू द्या."

"अण्णा, तुम्हाला इंग्रजीचा हा पुळका कधीपासून?" पलीकडच्या टेबलावरून मुजावर बाईंनी विचारले. "मॅट्रिकला इंग्रजीत किती होते, सांगू का साहेबांना?"

"बाई, तुम्ही आपल्या टपालाची तिकिटं मोजा," अण्णा म्हणाले आणि सगळे हसले. रणदिवे साहेब मात्र हसले नाहीत.

वडजाई धरणाच्या उपविभागात मी तेव्हा शाखा अभियंता होतो. या गोष्टीला आता बरीच वर्षे झाली. शासकीय तंत्रनिकेतनातून स्थापत्याची पदविका घेऊन मी नोकरीत लागलो, त्या वेळी कार्यालयात संगणक नव्हता. पुढे एक आला, आणि त्याचे आवरण शिवून घेण्यापासून त्याच्या बिघाडांपर्यंत सर्व जबाबदारी माझ्याकडे आली, कारण तालुक्याच्या गावी जाऊन त्याचा अभ्यासक्रम मी एकट्यानेच केला होता. सकाळी त्यावर माझे पाणीसाठ्याचे आणि विसर्गाचे तक्ते होत. नंतर दिवसभर तो काशिनाथ हिंगमिरे यांच्या हाती असे. ते टंकलेखक. वयाने माझ्यापेक्षा मोठे, निवृत्तीला काही वर्षे राहिलेली, अंगाने सडपातळ आणि कायम इस्त्रीच्या सदऱ्यात. त्यांचे सारे आयुष्य धरणाच्या वसाहतीत गेले होते. भिंतीचे दगडकाम चालू होते तेव्हापासून ते तिथे होते.

"हे बघा," रणदिवे साहेब उभे राहिले, "पुढच्या शुक्रवारी मी स्वतः एक पत्र सांगणार. ते या मराठी आवृत्तीत माझ्यासमोर टंकित झालं पाहिजे. जमलं तर उत्तम. नाही जमलं, तर विभागीय कार्यालयात जावकेला माणूस हवाच आहे. तिथे पाकिटं चिकटवायला कुठलीच आवृत्ती लागत नाही."

विभागीय कार्यालय शहरात होते. अण्णांनी मान खाली घातली. थोड्या वेळाने, साहेब आत गेल्यावर, ते हळूच म्हणाले, "मांडके साहेब, इथून मी कुठं जाणार नाही. बाकी काय करायचं ते करा."

आवाजात ताठा नव्हता. मला तो हट्ट वाटला, आणि एवढ्या शहाण्या माणसाचा हट्ट असा बिनकामाचा कसा, याचे आश्चर्यही वाटले.

माझ्यापुढचा प्रश्न वेगळाच होता. माझे तक्ते इंग्रजी आवृत्तीत बांधलेले होते. त्यांतली सूत्रे मराठी आवृत्तीत उघडली की कधी चालत, कधी रुसत. ऐन पावसाळ्यात विसर्गाचे आकडे रुसून चालत नाहीत. म्हणजे जुनी आवृत्ती काढता येत नव्हती आणि नवी टाळता येत नव्हती. दोन्ही एकाच यंत्रावर नांदवायच्या होत्या.

तंत्रनिकेतनात आमचे एक शिक्षक म्हणत, की जुन्या खांबाला हात लावण्यापूर्वी नवा खांब भार घेतो का ते पाहा. मी तसेच केले. आधी सर्व कागदपत्रांची प्रत काढून ठेवली. नवी आवृत्ती जुनीवर न बसवता शेजारी, स्वतंत्र कप्प्यात बसवली. यंत्र सुरू करताना दोन नावे दिसतील अशी सोय केली: एक 'तक्ते', दुसरे 'पत्रव्यवहार'. पहिल्या नावाने गेले की इंग्रजी, दुसऱ्या नावाने गेले की मराठी. तरीही दोघींचे भांडण पूर्ण मिटले नाही. एका नावाखाली चुकून दुसरी आवृत्ती उघडली, की ती सर्व कागदांवर आपला हक्क सांगे. आणि मग पहिली उघडताना पडद्याच्या मधोमध एक चौकट येऊन विचारी, की यापुढे नेहमी मीच का? ज्याने त्याने आपल्या नावाने काम केले तर ही चौकट येणार नाही, एवढे मी पाहून ठेवले.

"या अण्णा, बसा," मी म्हणालो. "कुठे काय आहे ते दाखवतो."

"दाखवू नका साहेब. सांगा."

"म्हणजे?"

"दाखवलेलं माझ्या डोक्यात राहत नाही. ऐकलेलं राहतं. पहिला मेनू कोणता? त्याच्यात वरून खाली काय काय?"

मी सांगत गेलो. अण्णा डोळे मिटून पाढे म्हटल्यासारखे पुटपुटत गेले. संगणकाच्या माऊसला त्यांनी कधी हात लावला नव्हता. तो त्यांच्या टेबलावर रुमालाखाली झाकलेला असे. टंकलेखन यंत्रावर हयात गेलेला माणूस, बोटांवरच विश्वास, असे आम्ही सर्व समजत होतो.

अडचण लवकरच ध्यानात आली. अक्षरांच्या कळा मी पूर्वीसारख्या ठेवू शकत होतो. हुकमांच्या कळा मात्र मराठी आवृत्तीत बदललेल्या होत्या. जिथे जतन करायचे तिथे काहीतरी पुसले जाई, जिथे छापायचे तिथे पान दुभंगे. अण्णांची बोटे जुन्या वाटेने जात आणि भलत्याच दारात उभी राहत.

"पडद्यावर बघा ना," मी म्हणे. "प्रत्येक हुकमासमोर कळ लिहिली आहे."

"हो हो, बघतो," अण्णा म्हणत, आणि पुन्हा तीच चूक करत.

मुजावर बाई या काळात फारशा बोलत नसत, हे मला नंतर आठवले. एरवी त्यांच्या तोंडाचा पट्टा सतत चालू असे. नसीमा मुजावर आवक-जावक पाहत. शिवाय अण्णांना मजकूर सांगण्याचे कामही त्यांच्याकडे होते. आमच्या कार्यालयाची ती जुनी पद्धत होती. एकाने मसुदा मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने टंकित करायचा. कागद बाहेर आला की बाईंनी तो पुन्हा मोठ्याने वाचायचा आणि अण्णांनी मसुदा हातात धरून तो ताडून पाहायचा. विरामचिन्हेसुद्धा वाचायची. "उपरोक्त विषयास अनुसरून स्वल्पविराम आपणास कळविण्यात येते की स्वल्पविराम," असा सूर दिवसभर चाले.

रणदिवे साहेब नव्याने आले तेव्हा त्यांनी दारातून डोकावून म्हटले होते, "ही काय शाळा आहे का? स्वल्पविराम, पूर्णविराम! मनात वाचता येत नाही?"

"मनात वाचलेली चूक मनातच राहते साहेब," बाईंनी उत्तर दिले होते. साहेबांना ती पद्धत आवडली नाही.

बुधवारी दुपारी, अण्णा जागेवर नसताना, पडद्याचा प्लग ठिणग्या टाकू लागला. संगणक चालू ठेवून मी तेवढा प्लग उपटला, वायरीपासून सोडवून खिशात टाकला आणि नवा आणायला भांडारात गेलो. भांडारपाल जेवायला गेले होते, त्यामुळे वेळ लागला. परत येताना व्हरांड्यातच मला बाईंचा सूर ऐकू आला.

"कालव्याच्या तिसऱ्या विमोचकाच्या दरवाजाजवळ गळती आढळून आली असून स्वल्पविराम…"

मी दारात थांबलो. अण्णा ताठ बसून टंकन करत होते. बोटे संथ, एका लयीत. चेहरा पडद्याकडे.

पडदा काळा होता. त्याचा प्लग माझ्या खिशात होता.

बाईंनी मला पाहिले. त्यांनी काळ्या पडद्याकडे पाहिले, पुन्हा माझ्याकडे पाहिले, आणि वाचन थांबवले नाही. फक्त आवाज थोडा चढवला. "…तरी तातडीने दुरुस्ती करून अहवाल सादर करावा पूर्णविराम. नवीन परिच्छेद."

अण्णांनी परिच्छेद केला. जुन्या, सवयीच्या कळांनी जतन केले, छपाई दिली. छपाईयंत्र करकरत चालले. बाईंनी कागद फाडून घेतला आणि पहिल्या शब्दापासून मोठ्याने वाचला. एकही चूक नव्हती. अण्णा मसुदा समोर धरून मान डोलवत होते.

मी पाऊल न वाजवता मागे फिरलो आणि भांडाराच्या पायरीवर जाऊन बसलो.

संध्याकाळी मी अण्णांना धरणाच्या भिंतीवरून फिरायला घेऊन गेलो. ते नेहमीच्या चालीने चालत होते. वाटेतला उंच दगड त्यांनी न अडखळता ओलांडला, पाणीपातळी मोजण्याच्या गेजच्या खोलीपाशी डावा कठडा तुटलेला होता, तिथे ते उजवीकडे सरकले.

"अण्णा, आज दुपारी कालव्याचं पत्र केलंत, तेव्हा पडदा बंद होता."

ते थांबले. पाण्याकडे तोंड करून उभे राहिले.

"बाईंनी सांगितलं नाही मला," ते म्हणाले.

"कधीपासून?"

"मधलं गेलंय. कडेचं दिसतं. तुम्ही उभे आहात ते दिसतं, तोंड दिसत नाही. मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं, याच्यापुढं फार बिघडणार नाही आणि सुधारणारही नाही." मग ते किंचित हसले. "बाईंना पहिल्यांदा कळलं. ताडून बघताना मी मसुदा उलटा धरला होता. त्यांनी काही न बोलता सरळ करून हातात दिला. त्या दिवसापासून विरामचिन्हं जास्तच ठसक्यात वाचतात."

"आणि शहर नको ते यासाठी."

"इथला दगड न् दगड पायाला माहीत आहे साहेब. तिथं कार्यालयाच्या दारात रस्ता आहे, त्याच्यावर ट्रक. तिथं मी पहिल्याच दिवशी उघडा पडेन. आणि मशिनचंही तेच. जुन्या मेनूत मी डोळे मिटून फिरतो. तुम्ही सगळ्या भिंती हलवल्यात."

मी नोकरीभर मोजमापांवर जगलेला माणूस. जे मोजले ते लिहावे, जे लिहिले त्याखाली सही करावी, एवढेच मला ठाऊक होते.

"अण्णा, आपल्याकडून पुराचे इशारे जातात. विसर्गाचा एक आकडा चुकला तर खालच्या गावांचं काय होईल?"

"म्हणून तर प्रत्येक आकडा दोनदा मोठ्यानं वाचला जातो. अंकी आणि अक्षरी. माझ्या हातून गेलेला आकडा आजवर चुकलेला नाही. चुकला तर तुम्ही सांगायच्या आधी मी खुर्ची सोडेन." थोडे थांबून त्यांनी विचारले, "साहेबांना सांगणार?"

"त्यांनी विचारलं तर खोटं बोलणार नाही."

"खोटं बोला असं मी म्हणणारही नाही," अण्णा म्हणाले. "चला, वारा सुटलाय."

दुसऱ्या दिवशी माझे तक्ते बाजूला ठेवून मी मराठी आवृत्ती उघडली. तिच्यात हुकमांच्या कळा बदलून घेण्याची सोय होती. ती कोणी वापरत नसे, कारण ती करायला चिकाटी लागते. मी एकेक हुकूम घेतला आणि त्याला जुनी कळ दिली. मेनूंची क्रमवारी जुन्या क्रमाने लावली. पडद्यावर सगळे मराठी राहिले. बोटांखाली सगळे जुने झाले.

"अण्णा, बसून बघा," मी म्हणालो, आणि म्हटल्यावर जीभ चावली.

त्यांनी बसून पाहिले. जतन केले, छापले, समास बदलला. बोटे कुठे अडखळली नाहीत.

"भिंती परत जागेवर आणल्या की!" ते म्हणाले.

"रंग तेवढा नवा दिलाय," बाई आपल्या टेबलावरून म्हणाल्या. "तो तसाही तुम्हाला कळत नाही." आणि त्यांनी पदराने डोळे पुसले की चष्मा, ते मी पाहिले नाही.

शुक्रवारी रणदिवे साहेब ठरल्याप्रमाणे आले. खुर्ची न घेता अण्णांच्या मागे उभे राहिले. मी खिडकीपाशी होतो. बाई टिकल्या लावत होत्या, म्हणजे टपालाला तिकिटे. आमच्याकडे त्याला तेच म्हणत.

"विषय," साहेबांनी सुरुवात केली, "धरणातून पाणी सोडण्याबाबत नदीकाठच्या गावांना पूर्वसूचना. घ्या."

अण्णांनी 'पत्रव्यवहार' या नावाने प्रवेश केला आणि आवृत्ती उघडण्याची कळ दाबली. टिंग असा आवाज झाला. त्यांनी पुढची कळ दाबली. पुन्हा टिंग. बोटे थांबली.

माझ्या लगेच लक्षात आले. मी दूर होतो तरी पडद्याच्या मधोमध आलेली चौकट मला दिसत होती.

"सकाळी कोणी हे नाव वापरलं होतं का?" मी विचारले.

"मी," साहेब म्हणाले. "पावसाचा तक्ता पाहिला. तुमच्या त्या इंग्रजीत. का?" मग ते अण्णांकडे वळले. "काय झालं हिंगमिरे? थांबलात का? समोर लिहिलंय ना, वाचा की!"

अण्णांचा चेहरा पडद्याकडे होता, अगदी सरळ. हात कळांवर होते. पण ज्या वाटेवर कधी पाऊल पडले नव्हते तिथे ते कुठे जाणार?

"मराठीत लिहिलंय," साहेब म्हणाले. आवाज खाली आला होता. "हिंगमिरे?"

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. मुजावर बाई उठून अण्णांच्या शेजारी आल्या आणि रोज मसुदा वाचत त्याच सुरात वाचू लागल्या.

"ही आवृत्ती तुमची नेहमीची आवृत्ती नाही पूर्णविराम. यापुढे सर्व कागद याच आवृत्तीत उघडायचे का प्रश्नचिन्ह. खाली दोन बटणं. डावीकडे होय, उजवीकडे नाही. उजेड डावीकडच्या बटणावर आहे."

साहेब बाईंकडे पाहत होते.

अण्णांनी मान माझ्या दिशेने वळवली. "काय म्हणू, मांडके साहेब?"

"नाही म्हणा," मी म्हणालो. "दोन्ही राहू द्या. उजवीकडचा बाण एकदा, मग एंटर."

त्यांनी बाण दाबला, एंटर दाबले. चौकट गेली. कोरे पान उघडले.

"हं," अण्णा म्हणाले. "सांगा साहेब."

रणदिवे साहेब एक पाऊल बाजूला सरकले आणि अण्णांच्या डोळ्यांकडे पाहत राहिले. अण्णांचे डोळे पडद्याच्या डाव्या कडेवर होते, जिथे काही लिहिलेले नव्हते. मग साहेबांनी मजकूर सांगितला. आधी भरभर, मग हळू. शेवटचा परिच्छेद सांगताना आकडे त्यांनी अंकी सांगितले आणि न विचारता अक्षरीही सांगितले. पत्र छापून आले. साहेबांनी ते नेले, आत जाऊन दार लावून घेतले.

थोड्या वेळाने त्यांनी मला बोलावले. पत्र त्यांच्यासमोर होते. सही झाली होती.

"मांडके, परिपत्रकात मराठी आवृत्ती म्हटलं आहे. तुम्ही दोन्ही ठेवल्यात."

"माझे तक्ते इंग्रजीत आहेत साहेब. ते मोडले तर विसर्ग काढता येणार नाही."

"फक्त तक्त्यांसाठी?"

मी उत्तर मनात नीट जुळवले. "यंत्र एक आहे, साहेब. त्यावर काम करणारे सगळे एकसारखे नाहीत."

त्यांनी पेनचे टोपण लावले, काढले, पुन्हा लावले. "मराठीतल्या कळा जुन्या केल्या आहेत, हे मी मघाशी पाहिलं. त्याला किती वेळ लागला?"

"एक दिवस."

"बरं," ते म्हणाले. "या तुम्ही."

शनिवार-रविवार अण्णा घराबाहेर पडले नाहीत. त्यांच्या दारावरून जाताना सामान बांधल्यासारखा आवाज आला, असे बाईंनी मला सोमवारी सकाळी सांगितले. "बांधाबांध करताहेत वेडे," त्या म्हणाल्या, "अजून आदेश निघाला नाही तोवर."

आदेश त्याच सकाळी निघाला.

रणदिवे साहेब बाहेर आले. अण्णा उभे राहिले.

"बसा. कार्यालयीन आदेश आहे, घ्या," साहेब म्हणाले आणि फिरत फिरत सांगू लागले. अण्णा टंकन करत गेले. मजकूर संपला तेव्हा बाईंनी विचारले, "कारण घालायचं का साहेब? आदेशाला कारण लागतं."

"या आदेशाला नाही."

कागद छापून आला. ताडून पाहण्यासाठी बाईंनी सवयीने हात पुढे केला.

"राहू द्या बाई," साहेब म्हणाले. "मी वाचतो."

आणि दारात उभे राहून, एका हातात कागद धरून, ते मोठ्याने वाचू लागले. पहिल्या विरामाला ते किंचित अडखळले, पण थांबले नाहीत.

"या उपविभागातून बाहेर जाणारा प्रत्येक कागद स्वल्पविराम सहीसाठी सादर करण्यापूर्वी स्वल्पविराम एका कर्मचाऱ्याने मोठ्याने वाचावा व दुसऱ्याने ऐकून तपासावा पूर्णविराम. ही कार्यपद्धती कायम राहील पूर्णविराम. टंकलेखनाचे काम सध्याप्रमाणे श्री पूर्णविराम काशिनाथ हिंगमिरे यांच्याकडेच राहील पूर्णविराम."

अण्णा हातात मसुदा नसताना मान डोलवत ऐकत होते.

"चूक आहे का काही?" साहेबांनी विचारले.

"एक आहे साहेब," अण्णा म्हणाले. "श्री नंतर पूर्णविराम मी दिलेला नाही."

साहेबांनी कागद डोळ्यांजवळ नेऊन पाहिला.

"खरंच नाही," ते म्हणाले, आणि सहीसाठी खिशातून पेन काढले.